मन पिचलं की नाक का गळतं?

दहा दिवस फुकट राहायची सोय, जेवणखाण, वर हिरव्यागार परिसरात फिरणं. अट एकच: नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घालून घ्यायचे! इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळच्या ‘कॉमन कोल्ड युनिट’मध्ये लोक या ‘सुट्टी’ला हौसेनं जायचे.

अशाच ३९४ निरोगी माणसांची हकिकत मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली छापली. थेंब घालण्याआधी प्रत्येकाला विचारलं होतं: वर्षभरात काय काय सोसलंत? ताण किती वाटतो? मन किती उदास असतं? मग सगळ्यांना वेगळं ठेवून वाट पाहिली. ज्यांच्या मनावर सर्वांत कमी भार होता, त्यांच्यातल्या सुमारे २७ टक्के जणांना सर्दी झाली. आणि सर्वांत जास्त भार असलेल्यांत? ४७ टक्के! सिगारेट, दारू, व्यायाम, झोप, सगळं हिशेबात धरलं तरी फरक हटेना.

कोहेन यांनी पुढे अमेरिकेत आणखी प्रयोग केले. तिथे तर नाक पुसलेले कागदी रुमाल सीलबंद पिशव्यांत जमा करून त्यांचं वजन केलं जाई. शेंबडाचाही चोख हिशेब! त्यात दिसलं, की चार दिवसांच्या कटकटीनं फारसं बिघडत नाही. महिना उलटूनही न सुटणारी बेकारी किंवा घरातली भांडणं मात्र भोवतात.

पण इथे एक कोडं आहे. वाहतं नाक आणि सुजलेला घसा ही बरीचशी आपल्याच पेशींची करणी, विषाणू नुसतं निमित्त. ताणात शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते तर ही दाहक धावपळ शांत करतं. मग ताणलेल्या माणसाला सर्दी कमी व्हायला नको?

उत्तर २०१२ मध्ये पुढे आलं. घरातलं वडीलधारं माणूस दिवसभर ओरडत राहिलं की पोरं ऐकेनाशी होतात ना? तसंच. कॉर्टिसॉलचा मारा सतत चालू राहिला की रोगप्रतिकारक पेशी त्याला दाद देत नाहीत. ‘आता पुरे’ हा हुकूम पोचतो, पण मानतो कोण? दाह भडकतच राहतो. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांतही पेशींचा हाच बहिरेपणा आढळतो.

अर्थात मनाच्या आजारासोबत येणारं प्रत्येक दुखणं कॉर्टिसॉलच्या माथी मारता येत नाही. गंभीर मनोविकार असलेल्यांत धूम्रपान आणि मधुमेह जास्त. शिवाय दवाखान्यात त्यांचं दुखणं कानावर घ्यायलाच उशीर होतो, आणि मला तर हे सगळ्यांत चीड आणणारं वाटतं. पण न्यूयॉर्कमधल्या कोविडच्या ७,३४८ रुग्णांच्या अभ्यासात वय, मधुमेह, हृदयविकार, धूम्रपान यांचा हिशेब वजा केल्यावरही स्किझोफ्रेनिया असलेल्यांना मृत्यूचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला. त्याहून मोठा धोका एकाच गोष्टीचा होता: वयाचा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं कोविडमध्ये जोखीम वाढवणाऱ्या आजारांच्या यादीत नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया घातले. बूस्टर डोस आधी कुणाला, हे ठरवताना तीच यादी पाहिली जात होती.