हिस्टरी म्हणजे पंचनामा नव्हे

“सर, हिस्टरी हाये ना!” मालेगावच्या पोरांना पेनटेस्टिंग शिकवताना हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. (मालेगाव म्हणजे आमचं, वाशीम जिल्ह्यातलं. दर वेळी नाशिकचं समजतात, तो वेगळाच गैरसमज.) मालकाची लेखी परवानगी घेऊन त्याच्या यंत्रणेत शिरून बघायचं, हे पेनटेस्टिंगचं काम. टर्मिनलवर घडलेलं सगळं रेकॉर्ड करा म्हटलं, की पोरं वरचा बाण दाबून दाखवतात: या बघा कमांडी!

कमांडी दिसतात, उत्तरं कुठायत? पंच कुठे गेले ते लिहिलं आणि काय सापडलं ते कोरं ठेवलं, तर त्याला पंचनामा म्हणतात का? बॅश या टर्मिनलमधल्या शेलच्या हिस्टरीत वेळही दिसत नाही. ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. मूळ मर्यादा ५०० कमांडींची. उबंटूत १०००, पण तिथे आधी स्पेस देऊन लिहिलेली कमांड नोंदलीच जात नाही. शिवाय फाइलमध्ये सगळं उतरतं ते सहसा शेल बंद होताना. डेस्कटॉपवर काम चालू असताना लाइट गेली (आमच्याकडे जाते), की त्या सत्राची हिस्टरी साफ. पटत नसेल त्याने बॅशचं मॅन्युअल उघडावं. आणि मेटास्प्लॉइटसारख्या पेनटेस्टिंगच्या साधनात किंवा एसएसएचने गाठलेल्या सर्व्हरवर जे टाइप केलं, ते तुमच्या बॅशला कळतच नाही. म्हणजे खरं काम जिथे झालं, तिथलीच पानं गायब.

उत्तरांसकट सगळं सत्र नोंदवायला ‘स्क्रिप्ट’ ही कमांड बीएसडी युनिक्समध्ये १९७९च्या सुमारास आली. तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी. लिनक्सवर ती वेळेची फाइलही ठेवते, त्यामुळे सत्र जसंच्या तसं पुन्हा चालवून बघता येतं. फ्लशचा, म्हणजे लगेच फाइलीत उतरवण्याचा, पर्याय तेवढा द्या, नाहीतर लाइटचं रडगाणं इथेही आहेच. फाइलच्या नावात तारीख आणि कोणतं यंत्र तपासलं ते घाला, संध्याकाळी तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बोटाचा ठसाच म्हणा) काढून वेगळा जपून ठेवा.

एवढा खटाटोप कशाला? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली. उद्या अशाच एखाद्या बँकेचा मॅनेजर विचारेल, “मंगळवारी दुपारी सर्व्हर बसला, तो तुमच्यामुळे का?” तेव्हा बाण दाबून दाखवणार? प्रकरण कोर्टात गेलं, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. रेकॉर्डिंगने डिस्क भरते? तो व्हिडिओ नव्हे, मजकूर आहे. रेकॉर्डिंग असलं की परवानगी नसली तरी चालतं? उलट, आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तुमच्याच विरुद्धचा पुरावा तयार. पासवर्ड त्यात येत नाहीत? सुडोला दिलेला पडद्यावर उमटत नाही म्हणून येत नाही. पण कमांडीतच लिहिलेला, किंवा सर्व्हरच्या फाइलीतून बाहेर पडलेला, स्वच्छ दिसतो. म्हणून फाइल एन्क्रिप्ट करा, आणि आस्किनेमा या टर्मिनल रेकॉर्ड करणाऱ्या साधनात अपलोडची कमांड देताना दोनदा बघा. गिऱ्हाइकाचं घर इंटरनेटवर उघडं पडतं.