सोडायचाच, तर धरायचा कशाला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खाडीच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाण्यातला मासा दाखवावा लागत नाही, अशी माझी समजूत होती. २०२३ च्या जूनमध्ये ती मोडली. बॉस्टनजवळ राहणाऱ्या भाच्याकडे मी गेलो होतो. तो म्हणाला, "मामू, तुम्हाला गरवायची हौस आहे ना? चला, केप कॉडला जाऊ. एक गाइड ठरवलाय."

गरवायला गाइड लागतो, हेच मला नवीन होतं. आमच्याकडे दोरी, गरी आणि आमिषाला कोळंबी घेतली की माणूस खडकावर जाऊन बसतो. वाटाड्या लागतो तो डोंगरात.

केप कॉड हा मॅसॅच्युसेट्स राज्याचा समुद्रात घुसलेला चिंचोळा भाग. नकाशात कोपरातून वाकवलेल्या हातासारखा दिसतो. त्या वाकलेल्या हाताच्या कुशीत एक उपसागर आहे आणि त्याच्या काठावर ब्रूस्टर नावाचं गाव. तिथे भरती-ओहोटीत नऊ-दहा फुटांचा फरक पडतो, आणि तळ इतका सपाट की ओहोटीला समुद्र मैलभर मागे सरतो. मागे उरते ती ओली वाळू, तिच्यातून वळणं घेत गेलेले पाण्याचे चर आणि गुडघाभर पाण्याची तळी. भरती लागली की याच चरांतून मासा आत येतो. आम्ही त्याची वाट बघत उभे होतो. भर जूनमध्ये पाणी एवढं गार, की छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवावी लागली.

हा मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. चंदेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा, वहीचं पान आखावं तशा. गळवाले त्याला लाडानं स्ट्राइपर म्हणतात. दक्षिणेला मेरीलँडमध्ये त्याचं नाव रॉकफिश. मोठ्या माद्या वीस-पंचवीस किलोपर्यंत जातात आणि मासा तीस वर्षंसुद्धा जगू शकतो. गळानं धरलेला आजवरचा सर्वांत मोठा २०११ मध्ये कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ मिळाला, सुमारे ३७ किलोचा.

गाइड साठीचा होता. उन्हाकडे पाठ करून, मांडीभर पाण्यात तो पंधरा-वीस मिनिटं नुसता उभा राहिला. मग हात न उचलता म्हणाला, "चाळीस फुटांवर, तीन." मला काहीच दिसेना. "पाण्याकडे बघू नका, तळाकडे बघा. मासा दिसणार नाही, त्याची सावली दिसेल." वरून बघताना त्या रेघा दिसतच नाहीत. पाठ हिरवट, वाळूच्या रंगात मिसळणारी. सावली मात्र लपत नाही, आणि ती चालते. मी उत्साहानं बोट दाखवलेल्या पहिल्या चार सावल्या शेवाळाचे पुंजके निघाले. भाचा हसून म्हणाला, "कवीला तरी सावल्या कळायला हव्यात."

या उथळ पाण्यात तो येतो खायला. वाळूत घुसून बसणारे पेन्सिलीएवढे लांबट मासे आणि लहान खेकडे हे त्याचं इथलं खाणं. गाइडचा गळ त्या पेन्सिलमाशासारखा दिसावा म्हणून केस आणि चमकदार धागे बांधून केलेला होता. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो; त्यामुळे लागलेला मासा निसटत नाही. यानं तो काटा पकडीनं दाबून सपाट करून टाकला होता. मी कारण विचारलं. "सोडताना लवकर निघतो."

तेव्हा माझ्या मनात सकाळपासून असलेला प्रश्न मी विचारून टाकला. सोडायचाच, तर धरायचा कशाला? आमच्या घरात शिकवण अशी होती, की खायचं असेल तर मासा धरावा. मजा म्हणून जिवाला हात लावू नये. मुक्या जिवाच्या तोंडात गळ अडकवायचा, दहा मिनिटं ओढाताण करायची, फोटो काढायचा आणि परत पाण्यात ढकलायचा, यात दया कुठे आली?

त्याला राग आला नाही. हा प्रश्न तो स्वतःला विचारत असावा, असं मला त्याच्या उत्तरावरून वाटलं. पण ते उत्तर समजायला या माशाची थोडी कुंडली बघावी लागेल.

स्ट्राइपर राहतो समुद्रात, पण जन्मतो नदीच्या गोड्या पाण्यात. बंगालचा हिलसा जसा अंडी घालायला नदी चढतो, तसाच. (आपला रायगडचा जिताडा बरोबर उलटा: वाढतो खाडीत आणि गोड्या पाण्यात, अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो.) अटलांटिक किनाऱ्यावरचे बहुसंख्य स्ट्राइपर चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत जन्मतात. एप्रिल-मे महिन्यांत माद्या तिथे चढतात. मोठी मादी लाखांनी अंडी सोडते. ही अंडी तळाशी बसली तर गाळात गुदमरतात. दोन-एक दिवस ती वाहत्या पाण्यात तरंगती राहायला हवीत. मग पिल्लं बाहेर पडतील त्याच सुमारास त्यांना खाता येतील असे सूक्ष्म जीव पाण्यात हवेत. हिवाळा थंड गेला, बर्फ वितळून नद्यांना पाणी आलं, की हे सगळं जुळतं. हिवाळा ऊबदार आणि कोरडा गेला की चुकतं. म्हणजे हजार किलोमीटरवरच्या नद्यांतले ते काही आठवडे ठरवतात, की आठ वर्षांनी ब्रूस्टरच्या वाळूवर सावल्या दिसणार की नाही. अंडी घालून झाली की मोठे मासे किनाऱ्यानं उत्तरेकडे निघतात, उन्हाळा न्यू इंग्लंडला काढतात, थंडीच्या आधी परत दक्षिणेला जातात.

हा मासा तिथल्या गोऱ्या वसाहतींइतकाच जुन्या कायद्यांचाही विषय आहे. १६३९ मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनं कॉड आणि बास शेतात खत म्हणून घालायला बंदी केली. इतका तो होता, आणि इतका तो वाया जात होता. १८७९ मध्ये न्यू जर्सीच्या एका नदीतले १३२ लहान मासे रेल्वेनं देशाच्या पार पश्चिम टोकाला नेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सोडले. नंतर तीनएकशे आणखी नेले. दहा वर्षांत कॅलिफोर्नियाच्या बाजारात हा मासा विकायला आला!

असा चिवट मासा १९७० च्या दशकाअखेर संपत आला. कारण मुख्यतः एकच, बेसुमार पकड. १९८४ मध्ये अमेरिकी संसदेनं खास त्याच्यासाठी कायदा केला, आणि १९८५ पासून मेरीलँडनं पाच वर्षं त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. कोळ्यांचे हाल झाले असणारच. पण मासा परतला. १९९५ मध्ये तो सावरल्याचं जाहीर झालं. आमच्या गाइडनं धंदा सुरू केला तो याच सुमारास. "मी त्या बंदीच्या पोटी जन्मलेला गाइड आहे," तो म्हणाला.

आणि त्या काळात त्याची पक्की श्रद्धा होती, की सोडलेला मासा म्हणजे वाचलेला मासा. तोच त्याचा माझ्या प्रश्नाला जुना जवाब. पुढे शास्त्रज्ञांचा हिशेब आला: सोडलेल्या शंभर माशांपैकी सरासरी नऊ नंतर मरतात. दमून, खोल जखमेनं, पाण्याबाहेर फार वेळ राहून. ऐकायला नऊ म्हणजे काहीच नाही. पण हौशी गळवाले वर्षाला कोट्यवधी मासे सोडतात. २०१७ साली घरी नेलेल्या माशांपेक्षा सोडून मेलेले मासे जास्त निघाले. आज या माशाची बहुतेक हानी जाळ्यानं होत नाही, हौशी गळानं होते. "दिवसाला वीस सोडले, की दोन माझ्या नावावर. तीस वर्षांचा हिशेब मी करत नाही."

म्हणून तो काटा दाबलेला. म्हणून त्याचा नियम असा, की मासा वर उचलताना तुम्ही श्वास रोखायचा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेलाच पाहिजे. पाणी २१ अंशांच्या वर गेलं की या माशाला दम लागतो, म्हणून जुलैच्या दुपारी तो गिऱ्हाईक घेत नाही. आमिष लावून धरणाऱ्यांना आता गोल वाकलेला गळ सक्तीचा आहे. तो घशात न जाता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो.

बाकीचे गाइड सीलना शिव्या देतात, तेही त्यानं सांगितलं. मॅसॅच्युसेट्समध्ये १९६२ पर्यंत सील मारणाऱ्याला बक्षीस मिळे. १९७२ च्या कायद्यानं त्यांना संरक्षण मिळालं. ते परतले, त्यांच्यामागे पांढरे शार्क आले. सील गळाला लागलेला मासा पळवतात, हे खरं. "पण आम्ही नव्हतो तेव्हाही सील होतेच, आणि मासेही होते." मला हे पटलं. आपल्याकडेही खाडीतला मासा आटला की दोष आधी दुसऱ्या गावाच्या जाळ्याला जातो.

दुपारच्या आत दोन मासे लागले. पहिला मोजला, ३३ इंच. त्याच मे महिन्यात नियम बदलला होता: दिवसाला माणशी एक मासा, तोही २८ ते ३१ इंचांमधला. आधी ३५ पर्यंत चालत होता. कारण २०१५ सालची पिल्लावळ. त्या वर्षी पिल्लं भरपूर झाली होती, ती आता नेमकी या मापाला आली होती, आणि २०२२ मध्ये लोकांनी त्यांच्यावर हात मारला होता. माझ्या हातातली मादी बहुधा त्याच पिढीतली असावी, असं गाइड म्हणाला. त्यानं तिचं तोंड प्रवाहाकडे धरलं. शेपटी एकदा हलली आणि पाठ वाळूच्या रंगात मिसळून गेली.

दुसरा २९ इंच. भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, न्यायचा. घरी त्याची बायको नारळाचं वाटण करून बसली होती, हे मी नाकारणार नाही. पण मला तेच सरळ वाटलं. गाइडनं मान डोलावली, मासा चटकन संपवला, बर्फात ठेवला आणि काठी गुंडाळायला लागला. भरतीला अजून तासभर होता. "एक खायला नेला तर मला वाईट वाटत नाही. वीस सोडून वीसही जगले म्हणणाऱ्याचं वाटतं." त्या दिवसाचे पैसे त्यानं पूर्ण घेतले, हेही सांगायला हवं.

मासा चवीला गोडसर आणि घट्ट. कालवणापेक्षा तळलेला बरा लागला.

मेरीलँडचे मत्स्यतज्ज्ञ १९५४ पासून दर उन्हाळ्यात नद्यांत ओढजाळं टाकून त्या वर्षीची पिल्लं मोजतात. २२ ठिकाणं, एकूण १३२ ओढी. (कॅलिफोर्नियाला गेलेले मासेही १३२, निव्वळ योगायोग.) एका ओढीत सरासरी ११ पिल्लं मिळणं म्हणजे नेहमीचं वर्ष. २०१९ पासून हा आकडा सतत खाली आहे. मी तिथून परतलो त्या वर्षी, २०२३ मध्ये, तो १ आला. २०२४ मध्ये २. आपण जसा पावसाचा अंदाज ऐकतो, तसा गाइड दर ऑक्टोबरला या आकड्याची वाट बघतो. ब्रूस्टरला आज दिसणाऱ्या सावल्या मुख्यतः २०१९ च्या आधीच्या आहेत. त्यांच्यामागून यायला हवीत ती अजून फारशी जन्मलेलीच नाहीत.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आकडा ४ आला. भाच्यानं फोनवर सांगितला. गाइडनं पुढच्या जूनच्या तारखा द्यायला सुरुवात केलीय, पण आठवड्यात तीनच दिवस.