जुना वाडा आणि मालकावरची फौजदारी जबाबदारी

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतले मराठी कुटुंबांचे वडिलोपार्जित वाडे आज बहुधा चार-पाच भावंडांच्या सामाईक नावावर असतात. मुले पुण्याला किंवा परदेशी, तळमजल्यावर जुना भाडेकरू, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे काही ठरत नाही. पावसाळ्यापूर्वी कायदा काय सांगतो, ते सभासदांसाठी थोडक्यात देत आहोत.

गुजरातमधील महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६४ प्रमाणे, पडायला आलेली इमारत पाडण्याची, टेकू देण्याची किंवा दुरुस्त करण्याची लेखी नोटीस आयुक्त मालकाला वा वहिवाटदाराला देऊ शकतात. धोका तातडीचा असेल तर पालिका स्वतः काम करून घेते आणि खर्च वसूल करते.

प्रश्न एवढ्यावर संपत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० प्रमाणे, इमारत पाडताना, बांधताना वा दुरुस्त करताना ती कोसळून जीविताला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू झाल्यास कलम १०६(१) खाली ५ वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. जुन्या दंड संहितेत ही मर्यादा २ वर्षे होती. नोटीस मिळूनही हालचाल केली नाही, तर तीच नोटीस मालकाविरुद्ध पुरावा ठरू शकते.

भाडेकरू असल्यास १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा पाहावा. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडे नाममात्र आहे म्हणून ते टळत नाही. पालिकेने पाडण्याचा आदेश दिला असल्यास न्यायालयातून ताबा मागता येतो. मात्र पाणी वा वीज तोडून भाडेकरूला बाहेर काढणे हा गुन्हा आहे.

म्हणून आमची विनंती: वारसनोंद पूर्ण करा, एका भावंडाला मुखत्यारपत्र द्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या आणि नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. वाटणीचा वाद पुढेही मिटवता येईल. भिंत तोवर थांबणार नाही.