साहेब बदलायचा की कंपनी?

कडक साहेब आणि छळणारा साहेब यांत फरक आहे, आणि सुटकेची वाट शोधण्याआधी तो ओळखावा लागतो. कडक साहेब कामातल्या चुकीवर बोट ठेवतो आणि चूक सुधारली की विषय संपवतो. छळणारा साहेब माणसावरच घसरतो. चारचौघांत पाणउतारा करणे, जुन्या चुका उगाळणे, हाताखालच्यांना कामाचे श्रेय न देणे, स्वतःवर बालंट येऊ नये म्हणून दोष दुसऱ्यावर ढकलणे आणि दिलेला शब्द फिरवणे ही त्याची लक्षणे. बेनेट टेपर या अमेरिकी संशोधकाने 2000 साली ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल’मध्ये अशा वागण्याच्या मोजमापासाठी पंधरा विधानांची प्रश्नावली मांडली. त्याच अभ्यासातला एक निष्कर्ष इथे फार महत्त्वाचा आहे. दुसरीकडे नोकरी मिळण्याची शक्यता ज्यांना कमी वाटत होती, त्यांच्यावर अशा साहेबाचे काही दुष्परिणाम अधिक तीव्र होते. म्हणजे दुसरी वाट हाताशी असणे हाच दिलाशाचा एक भाग आहे, प्रत्यक्षात त्या वाटेने जावे लागो वा न लागो. म्हणून शोध सुरू करायचा तो सहनशक्ती संपल्यावर नव्हे, त्याच्या पुष्कळ आधी.

सरकारी नोकरीत काळ थोडीफार मदत करतो. महाराष्ट्राच्या 2005च्या बदली कायद्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे आणि बदल्या सहसा वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. विनंती बदली मिळाली नाही, तरी कित्येकदा साहेबच बदलून जातो. खासगी कंपनीत अशी मुदत नसते. हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतल्या आयटी कंपनीत एकच मॅनेजर वर्षानुवर्षे एकाच अकाउंटवर, म्हणजे एकाच क्लायंटच्या कामावर, बसलेला असतो. तिथे कर्मचाऱ्यालाच हलावे लागते.

पहिला पर्याय कंपनीतल्या कंपनीत बदलीचा. यात पगार, सेवेची सलगता आणि साठलेली रजा सहसा टिकते, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण त्यात एक मोठी मेख आहे. अंतर्गत जागांसाठी अर्ज करायला बहुतेक ठिकाणी सध्याच्या भूमिकेत ठरावीक काळ, साधारण वर्ष-दीड वर्ष, काढलेला असावा लागतो, रेटिंग किमान पातळीचे लागते आणि सुधारणा योजनेत, म्हणजे ‘पीआयपी’त, नाव असून चालत नाही. रेटिंग देणारा आणि पीआयपीत टाकणारा तोच साहेब! शिवाय नव्या टीमने निवड केली, तरी ‘रिलीज’ त्याच्याच हातात असतो. क्लायंटकडून ज्याच्या कामाचे पैसे मिळतात त्या माणसाला ‘रिप्लेसमेंट मिळू दे’ एवढ्या एका वाक्यावर महिनोन्महिने अडवता येते.

म्हणूनच या वाटेवर वेळ साधणे सगळ्यात महत्त्वाचे. अप्रेजल पूर्ण होऊन रेटिंग नोंदले गेल्यानंतर किंवा प्रोजेक्टचा टप्पा संपताना हालचाल करावी. आधी नव्या टीमच्या मॅनेजरशी अनौपचारिक बोलणे करावे आणि त्याचा होकार मिळाल्यावरच अर्ज भरावा. कारण सांगताना नवे तंत्रज्ञान किंवा नवे क्षेत्र शिकायचे आहे असे सांगावे. साहेबाची तक्रार तिथे मांडली, तर ऐकणाऱ्याला भांडण दिसते, उमेदवार दिसत नाही. हे अन्यायाचे आहे, पण तसेच घडते. निवड झाली की सुटण्याची तारीख एचआरला प्रत ठेवून ईमेलवर लेखी घ्यावी. साहेबाच्या वागण्याची तारीखवार टिपणे जरूर ठेवावीत. मात्र कंपनीचे ईमेल स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवू नयेत. गोपनीयतेचा भंग हे कारण पुढे करून त्रास सोसणाऱ्यावरच कारवाई होऊ शकते.

साहेबाचे वर्तन लैंगिक छळाचे असेल, तर गुपचूप बदली हा मार्ग नव्हे. 2013च्या कायद्यानुसार पीडित महिलेला अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. चौकशी सुरू असताना तिच्या लेखी विनंतीवरून समिती तिची किंवा समोरच्या व्यक्तीची बदली सुचवू शकते, तसेच तीन महिन्यांपर्यंत रजेची शिफारस करू शकते.

दुसरा पर्याय बाहेरच्या ऑफरचा. त्यात साहेबाची परवानगी लागत नाही, हे त्याचे खरे बळ. किंमत मात्र मोजावी लागते, ती मुख्यतः नोटीस पीरियडची. आयटी क्षेत्रात 90 दिवसांची नोटीस सर्रास आहे, आणि राजीनामा दिल्यानंतरचे तीन महिने अशा साहेबाच्या हाताखाली सर्वांत कठीण जातात. नवी कंपनी ‘बायआउट’ करणार का, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरणार का, हे ऑफरच्या वेळीच विचारावे. जुनी कंपनी पैसे घेऊन लवकर सोडते का, हेही नेमणूकपत्रात आधी पाहून ठेवावे.

कागदपत्रांविषयी भीती पुष्कळ आणि माहिती थोडी, अशी स्थिती आहे. प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये अशी अट नोकरी सोडल्यानंतर भारतात सहसा टिकत नाही, कारण 1872च्या करार कायद्याचे कलम 27 तिला निरर्थक ठरवते. सेवेचा बाँड ही वेगळी गोष्ट. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025मध्ये वैध ठरवली. म्हणून बाँडवर सही असेल, तर रक्कम आणि मुदत दोन्ही मोजूनच पाऊल टाकावे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. चार-पाच महिने कमी पडत असतील, तर आधी हिशेब करावा. भविष्यनिर्वाह निधी काढू नये, नव्या खात्यात वर्ग करावा. पाच वर्षांच्या आत काढल्यास त्यावर सहसा कर लागतो. रिलिव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत हँडओव्हर चोख करावा आणि त्याची लेखी पोच घ्यावी.

मुलाखतीत ‘का सोडता?’ या प्रश्नावर जुन्या साहेबाची निंदा टाळावी. संदर्भासाठी त्याचे नाव न देता आधीच्या मॅनेजरचे किंवा वरच्या पातळीवरच्या अधिकाऱ्याचे नाव द्यावे. नव्या साहेबाची चौकशी करायला मात्र लाजू नये. त्याच्या टीममधून गेल्या दोन वर्षांत कितीजण गेले आणि का गेले, हे त्या सोडून गेलेल्यांकडून कळते. ही चौकशी न करता पगाराचा आकडा पाहून घेतलेल्या उडीत तोच छळ नव्या नावाने पुढे येतो.

राजीनामा दिला की काउंटर ऑफर येते. पगारवाढ देऊ, थांब, असे सांगितले जाते. ज्याचे दुखणे पगाराचे होते त्याने तिचा जरूर विचार करावा. ज्याचे दुखणे साहेबाचे आहे त्याने ती नाकारावी. पगार वाढतो, साहेब तोच राहतो, आणि हा माणूस सोडून जाणारा आहे हे त्याला आता कळलेले असते. थांबायचेच असेल, तर वेगळा रिपोर्टिंग मॅनेजर आणि बदलीची तारीख लेखी मिळाल्याशिवाय राजीनामा मागे घेऊ नये.

हातात दुसरी नोकरी नसताना राजीनामा देणे घरभाडे, हप्ते आणि मुलांची फी असलेल्या घराला परवडत नाही, म्हणून तो शेवटचा उपाय. झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र सगळे हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना गाठावे, वैद्यकीय रजा घ्यावी आणि घरच्यांना खरे सांगावे.