गुडघ्यावर टिचकी, मगच इंजेक्शन

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात कापूस-सोयाबीनचा हंगाम म्हणजे साप चावण्याचाही हंगाम. अशा रुग्णाचे थोडे रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे हात लावायचा नाही, मग नळी एकदाच तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर बहुधा घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे. हे सिस्टर करू शकते आणि वीज गेली तरी अडत नाही. नळी साबणाने धुतलेली असली की मात्र निकाल फसतो. प्रतिविषाचे सलाइन सुरू झाल्यावर अंगावर गांधी उठतात का, श्वास अडतो का, हे पाहायला उशाशी सिस्टरच लागते.

झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. पुढच्या प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, मिनिटाला निदान १६ श्वास आहेत का, लघवी तासाला ३० मिलिलिटर होते का. एकही कमी पडली तर डोस थांबवायचा, कारण वाचवणारे हेच औषध श्वासही बंद पाडू शकते. डॉक्टर ऑर्डर लिहून जातात. पहाटे तीनला 'आता देत नाही' म्हणण्याची हिंमत सिस्टरला करावी लागते. खरी रुग्णसुरक्षा इथे आहे, भिंतीवरच्या फलकात नाही.

जिवतीच्या डोंगरातून आलेल्या गरोदर कोलाम बाईला डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारायचे तरी कुठल्या भाषेत? कोलामी, गोंडी किंवा तेलुगू समजणारी सिस्टर ड्युटीवर असणे हाही उपचारच. त्यात वर्धा नदीला पूर येऊन बल्लारपूरची वाट बंद झाली, की चंद्रपूरला रेफर करणे केस पेपरवरच राहते.

तपासणी याद्या आणि प्रशिक्षणाने सगळे सुधारेल, असे सरकारी मंडळींना वाटते. उत्तर प्रदेशात ६० केंद्रांत प्रसूतीची तपासणी यादी आणि सोबत मार्गदर्शक दिले. कामाची पद्धत सुधारली; पण २०१७ मध्ये निकाल आले तेव्हा तुलनेच्या केंद्रांपेक्षा मृत्यू कमी नव्हते. यादी वाईट नाही, अपुरी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची १९७३ पासून २०१५ पर्यंत परिचारिकांच्या पिढ्यांनी सेवा केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती वाखाणली. तिथे माणसे होती, म्हणून ते जमले.

उलट बाजूला भंडारा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० बाळे गेली. नंतर कारवाई झालेल्यांत कंत्राटी परिचारिकाही होत्या. चूक कुणाची हे चौकशी ठरवते. पण रात्रपाळीला किती जणी असाव्यात, हे सिस्टर ठरवत नाहीत.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. राजुरा, गडचिरोली, भामरागडच्या रुग्णालयांत आमदार-खासदारांनी रात्री दोन वाजता वॉर्डात जाऊन हा हिशेब मोजावा आणि रिकामी पदे कायमस्वरूपी भरून घ्यावीत.