बॅटरीला दोष देण्याआधी

स्नोमोबाइल चालू होईनाशी झाली की पहिल्या शिव्या बॅटरीला पडतात. ती समोरच असते, चार बोल्ट सोडवले की हातात येते आणि दुकानात नवी मिळते. आठवड्याभरात नवीही बसली की रेग्युलेटर बदलला जातो, त्यानंही भागलं नाही तर स्टेटर. खिसा पुरेसा हलका झाल्यावर कोणीतरी मल्टिमीटर काढतो आणि दोष निघतो तारा जोडणाऱ्या एखाद्या करपलेल्या कपलरमध्ये, नाहीतर अर्थच्या सैल नटाखाली.

आपल्यापैकी बहुतेकांनी ही गाडी पाहिली असेल ती गुलमर्गला. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, मोटरसायकलसारखं हँडल; भाड्याच्या चकरीत मागे बसून काढलेला फोटो पुण्या-नाशिकच्या अनेक घरांत आहे. तिचा जन्म मात्र कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचा आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिन पट्ट्यातला. तिथे वर्षातले चार-पाच महिने रस्ता म्हणजे बर्फ.

क्वेबेकमधल्या वालकूर गावचा मेकॅनिक जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर याचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात अपेंडिक्सच्या दुखण्यानं दगावला. बर्फातून त्याला रुग्णालयापर्यंत नेईल असं वाहन नव्हतं. बर्फावर चालणाऱ्या यंत्रांची खटपट बॉम्बार्डियर पोरवयापासून करत होता. 1937 मध्ये त्यानं पट्ट्याच्या चाकाचं पेटंट मिळवलं आणि सात माणसं बसतील अशी बंद गाडी बाजारात आणली. एकट्यादुकट्यानं चालवायची हलकी स्की-डू आली 1959 मध्ये. मिनेसोटातल्या रोझो गावी पोलारिसच्या मंडळींनी आपली पहिली गाडी त्याआधीच, 1956 च्या सुमारास, बनवली होती. आणि विस्कॉन्सिनच्या कार्ल एलियासननं तर 1924 मध्येच घसरगाडीला इंजिन जोडून पाहिलं होतं. मुंबईकरांना बॉम्बार्डियर हे नाव लोकलमुळे ठाऊक आहे. कंपनी मुळात तीच. स्की-डूचा धंदा 2003 मध्ये तिच्यातून वेगळा झाला.

यातल्या हलक्या जुन्या गाड्यांना सहसा बॅटरी नसे. दोरी ओढायची, इंजिन सुरू. एप्रिल 1968 मध्ये मिनेसोटाचा विमा एजंट राल्फ प्लेस्टेड आणि त्याचे साथीदार स्की-डूवरून उत्तर ध्रुवावर पोचले, तेव्हा त्यांच्या गाड्या अशाच दोरीच्या होत्या. त्या चौघांत बॉम्बार्डियरचा पुतण्या जाँ-लूक होता. वीज लागायची ती ठिणगीपुरती आणि दिव्यापुरती. इंजिनाच्या दांड्यावर फ्लायव्हील, त्याच्या आतल्या कडेला चुंबक आणि मधोमध न फिरणारी तांब्याच्या वाइंडिंगची चकती, म्हणजे स्टेटर. आपल्याकडचे मेकॅनिक तिला कॉइल प्लेट म्हणतात. एक कॉइल ठिणगीची, एक दिव्याची, बस्स. आपल्या जुन्या स्कूटरचा दिवा जसा रेस केली की उजळायचा आणि सिग्नलला मिणमिणायचा, तसाच याही गाडीचा. तक्रारही एकच असायची: व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला की जोरात रेस करताच पुढचा-मागचा असे दोन्ही दिवे फटकन उडायचे. निदान दोन मिनिटांत आणि नव्या बल्बसह दुरुस्ती अर्ध्या तासात.

मग माणसाला ऊब हवी झाली. हँडलच्या मुठी गरम करणाऱ्या तारा आल्या, अंगठ्याखालचा थ्रॉटल गरम झाला, श्वासानं हेल्मेटची काच गोठू नये म्हणून काचेतही तापणारी तार आली. त्यापाठोपाठ सेल्फ स्टार्ट, जीपीएस, फ्युएल पंप आणि इंजिनाचा कॉम्प्युटर. साधा 55 वॉटचा हॅलोजन दिवाच साडेचार अँपिअर खातो. बाकीचं यावर चढवा. पूर्वी 75 वॉटच्या कॉइलवर भागायचं, आता स्टेटर कित्येक शेकडो वॉटचा लागतो. स्की-डूच्या 2009 च्या मॉडेलपासून आलेल्या ई-टेक इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे इंजेक्टर 55 व्होल्टवर चालतात, आणि तरीही बॅटरीशिवाय दोरीच्या एका हिसक्यात इंजिन सुरू होतं. त्या अर्ध्या फेऱ्यातली वीज आधी कॉम्प्युटरला, मग पंपाला, मग ठिणगीला पुरवायची. हा हिशोब ज्यानं बसवला त्याला माझा दंडवत. काही मॉडेलांत तर बॅटरीऐवजी मोठा कपॅसिटर आहे. दिवसात पहिल्यांदा इंजिन दोरीनं सुरू करायचं. नंतर गाडी बंद केल्यापासून अर्ध्या तासाच्या आत बटण दाबलं तर कपॅसिटर ती चालू करून देतो.

उलट, फोर स्ट्रोक इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांना दोरीच नसते. तिथे चार्जिंग गेलं की पायपीट.

स्टेटरमधून निघते ती थ्री-फेज एसी. रेक्टिफायर-रेग्युलेटर, म्हणजे आपल्या मेकॅनिकचं आर-आर युनिट, तिची डीसी करतं आणि व्होल्टेज 14 च्या आसपास रोखून धरतं. हे रोखणं कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण अर्धे घोळ इथेच होतात. चुंबक फिरतोय तोवर वीज तयार होणारच. ती कमी-जास्त करायची सोय फ्लायव्हीलमध्ये नाही. म्हणून जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर जास्तीची वीज स्टेटरमध्येच शॉर्ट करून परत फिरवतो. गच्चीवरची टाकी भरली तरी पंप चालूच ठेवून जादा पाणी पाइपानं सोडून द्यावं, तसा हा कारभार. त्यामुळे मुठींची ऊब बंद करून स्टेटरला विश्रांती मिळत नाही. तो तितकाच तापत राहतो. चार-पाच हंगामांनी वाइंडिंगचं वार्निश काळं पडून कॉइल जळालेली दिसते त्याचं एक मोठं कारण हे. काही नव्या युनिटांत शॉर्ट करण्याऐवजी पुरवठा तोडतात. ती थंड राहतात आणि महागही असतात.

चार्जिंगच्या यंत्रणेला थंडी दोन्ही बाजूंनी मारते. उणे 18 अंशांवर लेड-अॅसिड बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. गार बॅटरी चार्जही सावकाश घेते. भरलेल्या बॅटरीतलं अॅसिड उणे 60 च्या आसपास गोठतं, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं उणे 7 लाच. त्यामुळे उतरलेली बॅटरी रात्रभर उघड्यावर राहिली की सकाळी आतल्या प्लेट वाकलेल्या, कधी डबा फुगलेला. अशा गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून जंप देणं जिवाशी खेळ आहे. ती फुटते.

निदानाला बसायचं तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यावी आणि काही तास नुसती ठेवून द्यावी. टर्मिनलवर 12.6 किंवा त्याहून जास्त दिसलं तर ठीक, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी म्हातारी झाली, तिच्या भरवशावर पुढची कुठलीच मोजणी करू नये. हे उबदार गॅरेजमधलं गणित. बाहेरच्या थंडीत आकडे याहून खाली येतात. ही पायरी लोक गाळतात आणि मरतुकड्या बॅटरीवर चार्जिंग मोजून रेग्युलेटरला नावं ठेवतात.

मग गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून घ्यायचा. पट्टा मोकळा फिरला पाहिजे आणि मागे कोणीही उभं राहता कामा नये; पट्ट्यातला लोखंडी खिळा सुटून आला तर तो हाड फोडतो. इंजिन मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर धरलं की बॅटरीवर 13.8 ते 14.5 यायला हवेत. नुसत्या आयडलवर कमी दिसले म्हणून घाबरू नये. आयडलवर मुठी, काच, दिवा सगळं चालू ठेवून गप्पा मारत उभं राहिलं तर निरोगी गाडीचीही बॅटरी उतरते. निम्मी गिऱ्हाइकं हाच आजार घेऊन येत असावीत, असा मला दाट संशय आहे. आकडा पंधराच्या वर गेला तर उलटा रोग: रेग्युलेटर आवरत नाही, किंवा त्याची अर्थ सुटली आहे.

एक सवय मात्र इथे घरीच ठेवावी. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची आणि गाडी चालू राहिली तर चार्जिंग चांगलं म्हणायचं, ही डायनॅमोच्या जमान्यातली युक्ती आपल्या गल्लीतल्या गॅरेजांत आजही दिसते. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळी घेतं, आणि कॉम्प्युटर असलेल्या गाडीत त्या उसळीची किंमत अख्ख्या चार्जिंग यंत्रणेपेक्षा जास्त पडू शकते.

चार्जिंग येत नाही असं ठरलं तरी पाना लगेच उचलायचा नसतो. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना मीटरचं एक टोक रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह तारेवर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरावं. मध्ये फक्त तार आणि फ्यूज आहे, तेव्हा फरक जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर तो वाटेत कुठेतरी जळतो आहे. हेच अर्थच्या बाजूनंही करावं, आणि तिथे जास्त बारकाईनं, कारण या गाडीचा सांगाडा अॅल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडी आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं. अर्थ पोचते ती एका तारेनं. ट्रेलरवरून हायवेनं नेताना रस्त्यावरच्या मिठाचं पाणी उडतं, आणि त्या तारेच्या थिंबलखाली पांढरी भुकटी जमते. पॉलिश पेपरनं घासून, नट आवळून, वरून ग्रीस लावलं की मेलेली वाटणारी गाडी उठून बसते.

त्यानंतर कपलर. स्टेटरपासून रेग्युलेटरकडे तीन तारा जातात, बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्याच. कपलर सोडवताना तो सहज सुटला तर ठीक. अडकला, कर्रकन आवाज करत निघाला तर बहुधा रोग सापडला. आत बघावं. दोन पिना चकचकीत, तिसरी निळसर-काळी. तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, आणि तारेचं इन्शुलेशन दोन बोटं मागेपर्यंत कडक झालेलं, वाकवलं तर तडकणारं. कारण हिशोबाचं आहे: सैल पिनेचा विरोध फक्त 0.1 ओहम आणि करंट 20 अँपिअर धरला तरी त्या एका टोकावर 40 वॉटची उष्णता. तीनपैकी एक फेज गेली तरी उरलेल्या दोनवर थोडं चार्जिंग येत राहतं, म्हणून गाडी दिवसा चालते आणि संध्याकाळी दिवा लागला की बसते. वरून नवी पिन क्रिम्प करून भागत नाही. काळी पडलेली तार निरोगी तांबं दिसेपर्यंत कापावी लागते आणि कपलरचे दोन्ही अर्धे बदलावे लागतात.

कपलर धडधाकट असेल तर स्टेटर मोजायचा. तिन्ही तारांपैकी कुठलीही एक आणि इंजिनाची बॉडी यांच्यात सलगता दिसता कामा नये. दिसली तर वाइंडिंग बॉडीला लागलं. तारातारांमधला विरोध एक ओहमच्याही आत असतो आणि स्वस्त मीटरच्या वायरीच 0.2 ओहम दाखवतात, त्यामुळे शेजारशेजारचे चार वेढे आतून चिकटले असतील तर ओहममध्ये कळत नाही. म्हणून कपलर सुटा ठेवून, इंजिन चालू करून दोन-दोन तारांमध्ये एसी व्होल्ट बघावेत. आकडा किती हवा ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. पण तिन्ही जोड्या सारख्या हव्यात हे मॅन्युअल नसतानाही लागू. काही स्टेटर गार असताना शहाण्यासारखे वागतात आणि तापल्यावर दगा देतात, तेव्हा तासभर गाडी पळवून आणल्यावर पुन्हा मोजावं. एवढं सगळं उत्तीर्ण झालं, तरच रेग्युलेटर दोषी.

हँडलखालची वायरिंगही विसरू नये. प्रत्येक वळणावर ती वाकते, स्टीअरिंगच्या दांड्याला घासते आणि दोन-तीन हंगामांत आतलं तांबं उघडं पडतं. हँडल डावीकडे वळवलं की दिवा मंदावतो, उजवीकडे येतो, असं असेल तर बाकी कुठे शोधूच नका. उन्हाळ्यात शेडमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदीर खातात, हे क्वेबेकमध्येही आपल्यासारखंच.

सुटे भाग अंदाजानं बदलत जाणं ही शहराजवळच्या माणसाची चैन आहे. कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावुतमध्ये गावागावांना जोडणारा रस्ताच नाही. अवजड माल उन्हाळ्यात जहाजानं येतो, एरवी विमानानं. साठच्या दशकापासून तिथल्या इनुइट लोकांच्या कुत्र्यांच्या गाड्यांची जागा बऱ्याच अंशी स्नोमोबाइलनं घेतली. शिकारीला, मासेमारीला, शेजारच्या वस्तीला जायचं ते हिच्यावरून. तिथे चुकीचा स्टेटर मागवणं म्हणजे पैसे तर गेलेच, शिवाय भाग येईपर्यंत गाडी बसून. त्यामुळे मोजल्याशिवाय भाग मागवायचा नाही, ही शिस्त तिथल्या माणसाला परवडते आणि दुसरी परवडत नाही.

टोरांटो किंवा मिनिआपोलिसला राहणारा कोणी मराठी वाचक वापरलेली स्नोमोबाइल घ्यायच्या विचारात असेल, तर त्यानं खिशात साधा मल्टिमीटर ठेवावा. हूड उघडून पिवळ्या तारांच्या कपलरचा रंग बघावा, गाडी उचलून दिवे आणि मुठी चालू करून तीन-साडेतीन हजारांवर बॅटरीचे व्होल्ट वाचावेत. साडेतेराच्या खाली राहिले तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून कापून मागावा. आणि विकणारा मीटर लावूच देत नसेल, तर गाडी न घेता घरी यावं.