शोभेची दारू आणि खरा भोंगा

ऑरलँडो, फ्लोरिडा

पहिला गोळा फुटला तसा बाबांनी माझ्या लेकाचा हात धरला आणि त्याला मोजायला लावलं. उजेड दिसला की मोजायला सुरुवात, आवाज कानावर आला की थांबायचं. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. नऊ वर्षांचं पोर, त्याला खेळच मिळाला. "दीड, आजोबा!" "मंग पाचशे मीटर झाले. बरोबर हाये. येवढं अंतर पायजेच." सारं थीम पार्क माना वर करून रंग बघत होतं आणि हे दोघं अंतर मोजत होते.

बाबांची सगळी नोकरी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत गेली. भंडाऱ्याच्या वाचकांना जवाहरनगर वेगळं सांगायला नको. स्फोटकांच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला आतषबाजी वेगळीच दिसते, हे मला यंदा ते उन्हाळ्यात इकडे आले तेव्हा कळलं. पार्कच्या गेटवर पिशव्या उघडून दाखवायच्या होत्या, मेटल डिटेक्टरमधून जायचं होतं. रांगेतले बाकीचे कंटाळले होते. बाबांनी कोणी सांगायच्या आत खिसे रिकामे केले. इथल्या मोठ्या पार्कांनी हे डिटेक्टर 2015 च्या डिसेंबरात बसवले. बाबांना काडीपेटी दाराबाहेर ठेवून कामावर जायची सवय त्याच्या कितीतरी आधीपासूनची.

त्यांनी अंदाजाने सांगितलेल्या अंतरामागे इथे लेखी नियम आहे, आणि तो नियम सरकारने लिहिलेला नाही. या देशाची ही रीत समजायला मला बरीच वर्षं लागली. आगीपासून बचावाचे नियम नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन नावाची खासगी संस्था 1896 पासून तयार करत आली आहे. राज्यं ते आपल्या कायद्यात घेतात आणि गावचा फायर मार्शल ते लागू करतो. शोभेच्या दारूसाठीची तिची संहिता सांगते की आकाशात फुटणाऱ्या गोळ्याचा व्यास जितके इंच, तितके सत्तर फूट प्रेक्षकांना लांब ठेवा. सहा इंची गोळा असेल तर 420 फूट, म्हणजे साधारण 128 मीटर. मोठी पार्कं त्याहून लांबून दारू उडवतात. बाबांचे पाचशे मीटर म्हणजे प्रेक्षकांची चांगली काळजी घेतलेली होती.

गोळे कॉम्प्युटरवरून सुटतात, संगीताच्या ठोक्याला ठोका जुळवून. पण यंत्रावर सगळं सोडून देत नाहीत. आकाशाकडे आणि वाऱ्याकडे डोळे लावून बसलेली माणसं असतात, आणि बऱ्याच ठिकाणी एकाच्या हातात दाबून धरायचं बटण असतं. त्याने बोट उचललं की पुढचा गोळा सुटत नाही. माणूस बेशुद्ध पडला तरी बोट सुटतं आणि शो थांबतो. बाबांना हे फार पटलं. "चालू कराले बटण सगळेच ठेवतात," ते म्हणाले, "थांबवाले कोण हाये ते पाहाव." शो संपला तरी काम संपत नाही. न फुटलेले गोळे शोधायला रात्रीच एक फेरी होते आणि उजाडल्यावर दुसरी.

त्या रात्री शो मधेच थांबला. पार्कचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आम्ही एका मोठ्या दुकानाच्या दाराशी उभे होतो. शो ऐन रंगात असताना दुकानाच्या आत पांढरे दिवे लुकलुकायला लागले. मला वाटलं तो शोचाच भाग आहे. आवाजही येत होता, पण गोळ्यांच्या धडधडाटात तो वेगळा काढता येत नव्हता. बाबांनी माझा दंड धरला. "आयक. तीन ठोके, मंग थांबते. परत तीन." लक्ष देऊन ऐकलं तेव्हा कळलं. सबंध अमेरिकेत या तीन ठोक्यांचा एकच अर्थ आहे, बाहेर पडा. घरातला धूरशोधक असो की शाळेतला भोंगा, ठोक्यांची चाल तीच. माझ्या लेकाला ती बालवाडीपासून पाठ आहे, आणि मी बारा वर्षं इथे राहून ती दिव्यांच्या रोषणाईत विसरले होते.

विशीतली एक कर्मचारी मुलगी हातात लाल कांडी घेऊन दाराशी उभी राहिली. आग लागली, असं ती म्हणाली नाही. काही नाही झालं, असंही म्हणाली नाही. "या बाजूने चला, चालत या," एवढंच, पुन्हा पुन्हा, एकाच पट्टीत. आतली माणसं हातातलं सामान काउंटरवर ठेवून निघाली. निम्मे पैसे देऊन झालेला एक गृहस्थ कार्ड मशीनमध्येच सोडून बाहेर आला. बाबांची पाण्याची बाटली आणि छत्री आत बाकावर राहिली होती. ते दोन पावलं मागे वळले, तर ती मुलगी हात आडवा करून समोर आली आणि अदबीने नाही म्हणाली. मग आकाश काळं झालं, संगीत थांबलं आणि लाउडस्पीकरवर माणसाचा आवाज आला, आधी इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये. पंधरा-वीस मिनिटांत अग्निशमनवाले आत जाऊन बाहेर आले. वारा फिरला होता. खालच्या पातळीवर उडवलेल्या दारूचा धूर दुकानात शिरला आणि छतावरच्या यंत्राने इमानेइतबारे भोंगा वाजवला. आग नव्हती.

कोणी चिडलं नाही, हे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. मुलांचा शो अर्धा राहिला, तिकिटाला मोजलेले डॉलर गेले, तरी लोक रांगेने बाहेर येऊन रांगेनेच आत गेले. आपल्याकडे असा भोंगा दोनदा विनाकारण वाजला की तिसऱ्यांदा कोणीतरी स्टुलावर चढून त्याची वायर काढतं. इथेही हा मोह आहे, आणि त्याला आळा घालायला दंड आहे, तपासणी आहे. पण मुळात ही शिस्त अमेरिकनांच्या रक्तात आहे असं समजू नका. ती प्रेतं मोजून आली आहे. बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबमध्ये 1942 साली आगीत 492 माणसं गेली. गोल फिरणारं दार अडकलं होतं, काही दारं आत उघडत होती. शिकागोच्या अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेत 1958 च्या डिसेंबरात 92 मुलं आणि 3 नन्स गेल्या. इथल्या शाळांतल्या आगीच्या सरावामागे त्या मुलांची आठवण आहे.

2003 च्या फेब्रुवारीत ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाईटक्लबमध्ये रंगमंचावरच्या ठिणग्यांनी भिंतीचा फोम पेटला, तेव्हा पहिले काही क्षण लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. शंभर जण मेले. बरेचसे ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले. शोभेच्या दारूतला खरा धोका हाच आहे: जिथे धूर, आग आणि आवाज हाच तमाशा असतो, तिथे धूर, आग आणि आवाज यांनी सावध कसं व्हायचं? कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 2023 च्या एप्रिलमध्ये एका शोमध्ये तोंडातून आग ओकणारा अजस्र ड्रॅगन स्वतःच पेटला. कर्मचाऱ्यांनी परिसर रिकामा केला, एकाही पाहुण्याला इजा झाली नाही. तो शो परत सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला आणि परत आला तो ड्रॅगनशिवाय.

पण या देशात भोंग्याइतकीच आणखी एक भीती माणसांच्या आत वाजत असते. त्याच रात्री पार्किंगकडे जाताना मागे कोणाचा तरी फुगा फुटला. आम्ही वळून पाहिलं. आमच्या पुढचं कुटुंब मात्र खाली वाकलं होतं आणि आईने दोन्ही मुलांवर हात पसरले होते. "काहून वाकले हे?" बाबांनी विचारलं. मी त्यांना लास वेगासचं सांगितलं. 2017 च्या ऑक्टोबरात संगीताच्या जत्रेवर हॉटेलच्या खिडकीतून गोळीबार झाला, तेव्हा अनेकांना आधी फटाके वाटले होते. 2022 साली 4 जुलैला हायलँड पार्क गावच्या मिरवणुकीतही तसंच झालं. स्वातंत्र्यदिनी फटाके वाटणारच. आता उलटं होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मोटारसायकलचा बार ऐकून शेकडो लोक धावत सुटले. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये बिघडलेल्या सरकत्या जिन्याच्या आवाजाने तेच झालं. आमच्या भंडाऱ्यात बार ऐकला की कोणाचं लग्न निघालं म्हणून लोक ओट्यावर येतात. इथली आई लेकरांना आडोशाला घेते.

फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत या दोन भीती एकमेकींवर आदळल्या. 14 फेब्रुवारी 2018 रोजी सकाळी तिथे आगीचा सराव झाला होता. दुपारी एका माजी विद्यार्थ्याने गोळीबार सुरू केला आणि बंदुकीच्या धुराने आगीचा भोंगा वाजला. मुलं शिकवल्याप्रमाणे वर्गाबाहेर आली. 17 जण गेले. यंत्राने धूर बरोबर ओळखला होता, पण त्या क्षणी बाहेर पडणं हेच घातक होतं. म्हणून आता नुसत्या ठोक्यांवर भरवसा न ठेवता माणसाच्या आवाजात, काय झालंय आणि कुठे जायचं हे सांगण्यावर भर आहे. पार्कमधल्या लाउडस्पीकरवरच्या त्या दोन वाक्यांमागे हे सगळं होतं.

हे सारं लिहिताना मन सतत तिकडे धावतं. 2025 च्या जानेवारीत दोन दिवसांच्या अंतराने माझ्या फोनवर दोन बातम्या आल्या. 22 तारखेला जळगाव जिल्ह्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची हूल उठली, प्रवाशांनी साखळी ओढली, रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली डझनभर माणसं चिरडली. आग नव्हतीच. आणि 24 तारखेला सकाळी जवाहरनगरला खरा स्फोट झाला. छत कोसळलं, त्या दिवशी आठ कामगार गेले. एका ठिकाणी खोट्या आवईने माणसं मारली आणि दुसरीकडे सावध करायला क्षणही मिळाला नाही. त्याआधी 9 जानेवारी 2021 च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, तेव्हा धूर पहिल्यांदा दिसला तो ड्यूटीवरच्या नर्सला, डोळ्यांनी. दहा बाळं गेली. त्या रात्री वेळेवर वाजलेल्या एका भोंग्यासाठी, मग तो शंभर वेळा खोटा वाजला असता तरी, कोणाला काय द्यावं लागलं नसतं?

कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे. इमारतीच्या मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. शोभेच्या दारूवर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं देशाचं मुख्यालय तर आपल्या शेजारी नागपुरात आहे. भंडारा ते नागपूर तासाभराचा रस्ता. तरी भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटक चालतं, हजारो माणसं एका मंडपात बसतात, पोरं बाहेर सुतळी बॉम्ब लावतात, आणि मंडपाला वाट एकच असते. मी लहानपणी त्याच वाटेवर चटई टाकून झोपलेली आहे. तिथे मेटल डिटेक्टर नको, कॉम्प्युटर नको. नाटकाच्या माइकवरून थांबा म्हणणारा आणि सारं गाव ज्याचं ऐकेल असा एक माणूस हवा, आणि मागच्या बाजूला कनात दोरीने न बांधता नुसती अडकवलेली हवी. अमृतसरला 2018 च्या दसऱ्याला रावण जळत होता, फटाके फुटत होते, रुळांवर उभ्या गर्दीला रेल्वे ऐकूच आली नाही. साठच्या आसपास माणसं गेली. त्या गर्दीत आवाज करणारे पुष्कळ होते, ऐकणारा कोणी ठेवलेला नव्हता.

बाबांची छत्री आणि बाटली दुसऱ्या दिवशी हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर मिळाली, चिठ्ठी लावलेली. परतीच्या वाटेवर लेकाने गाडीत पुन्हा मोजणं सुरू केलं, दुसऱ्या एका पार्कचे गोळे लांबवर दिसत होते. मोजता मोजता त्याने विचारलं, "आजोबा, तुमच्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा किती सेकंद मोजले होते?"

बाबा त्या सकाळी जवाहरनगरजवळच्या ठाणा गावातल्या घरी अंगणात होते. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"मोजता नाही आलं बाबू," ते म्हणाले. "उजेड दिसलाच नाही. एकदम आवाजच आला."